प्रोग्रेसिव्ह रॉक संपत चाललंय का? तिरुवैयारूहून एक उत्तर



आजचा भाग तिरुवैयारूहून. तंजावरपासून 13 किलोमीटर, कावेरीच्या काठावरचं हे गाव. संत त्यागराजांची समाधी इथे आहे. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर तंजावरी मराठी, त्यामुळे या बाजूला येणं होतं. आज मात्र मी इथे बसून बोलणार आहे इंग्लंडात जन्मलेल्या एका संगीताबद्दल. दोन्हींचा संबंध काय, ते पुढे कळेल.

गेल्या वर्षी घर आवरताना फौजेतली काळी पेटी उघडली. आत सगळ्या कॅसेटी. पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, जेथ्रो टल. पुतण्या मदतीला आला होता. तो बंगळुरूला नोकरी करतो, गिटार वाजवतो. त्यानं दोनचार कॅसेटी उलटूनपालटून पाहिल्या आणि विचारलं, "काका, हे अजून कोणी ऐकतं का?"

प्रश्न साधा होता, पण मला लागला. त्यातल्या पहिल्या चार कॅसेटी माझ्या एका कोर्समेटनं दिलेल्या. उत्तरेतल्या एका उंच पोस्टवर आम्ही दोघं टू-इन-वनच्या सेलची काटकसर करत त्या ऐकायचो. तो आज नाही. हे संगीत आमच्या पिढीबरोबरच जाणार असेल, तर ती पेटी भंगारात जाणार हे उघड होतं. म्हणून मी हा प्रश्न जरा शिस्तीत सोडवायला घेतला.

हे प्रकरण आहे काय?

साधं रॉक गाणं तीन-चार मिनिटांचं असतं. कडवं, धृपद, कडवं, की संपलं. 1960 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या काही तरुणांना एवढ्यात भागेना. त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि जॅझ रॉकमध्ये आणलं, गाणी लांबवली, लय अवघड केली. 1969 साली किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला, तो या प्रकाराचा मैलाचा दगड मानतात. 1972 मध्ये येसचं एक गाणं तबकडीची एक अख्खी बाजू व्यापून बसलं. त्याच वर्षी जेथ्रो टलनं तर दोन्ही बाजू मिळून एकच गाणं केलं, चाळीस मिनिटांहून मोठं.

लयीचं सांगायचं तर पिंक फ्लॉइडचं 'मनी' हे गाणं बरंचसं सात मात्रांत चालतं. आम्ही फौजी 'बाएँ-दाहिने' या दोनाच्या हिशोबात आयुष्य काढलेले. सातावर परेड घेतली, तर दर आवर्तनाला पाय बदलेल आणि सुभेदार मेजर डोक्याला हात लावतील. पण आपल्याकडे रूपक ताल सात मात्रांचाच आहे, आणि इथल्या कर्नाटक संगीतात मिश्र चापूही सातचाच. तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्याला जे चमत्कारिक वाटतं, ते आपल्या कानाला तितकं परकं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चढ आणि उतार

1973 साली पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' आला. 1988 पर्यंत तो अमेरिकेच्या पहिल्या 200 अल्बमच्या यादीत एकूण 741 आठवडे होता. हे शिखर. पण 1976-77 मध्ये पंक रॉक आलं. तीन सूर, दोन मिनिटं आणि भरपूर राग. तरुणांना ते आपलं वाटलं आणि लांब गाणी करणारे श्रीमंत वादक एकदम म्हातारे दिसू लागले. 1980 च्या दशकात येस आणि जेनेसिसनंही छोटी, सुटसुटीत गाणी केली आणि त्यांवर भरपूर यश मिळवलं.

मग हे संगीत मेलं का? नाही, पण त्याचा पत्ता बदलला. 1997 मध्ये मॅरिलियन या बँडकडे अमेरिकेच्या दौऱ्याला पैसे नव्हते, तर चाहत्यांनीच इंटरनेटवरून सुमारे 60,000 डॉलर जमवले. 2001 मध्ये याच बँडनं ध्वनिमुद्रणाआधीच चाहत्यांकडून आगाऊ नोंदणी घेऊन अल्बम काढला. आज ज्याला आपण क्राउडफंडिंग म्हणतो, त्याची ही सुरुवातीची उदाहरणं. 2019 मध्ये टूल या बँडचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातलं दहा मिनिटांहून मोठं गाणं तिथल्या पहिल्या शंभरात आलं. 2022 मध्ये ड्रीम थिएटरला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी जेनेसिसनं लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम केला. म्हणजे जुनं शिबंदीसह निवृत्त होतंय आणि नवं रुजू होतंय, दोन्ही एकाच वेळी.

अडचण मात्र खरी आहे. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद ऐकलं की एक 'स्ट्रीम' मोजतात. तीन मिनिटांचं गाणं पुरं ऐकलं तरी एक, वीस मिनिटांचं ऐकलं तरी एकच. हा हिशोबच लांब गाण्याच्या विरुद्ध आहे. त्यामुळे आकड्यांच्या शर्यतीत हे संगीत मागे दिसणारच. तरीही स्टीव्हन विल्सननं 2025 मध्ये फक्त दोनच लांबलचक रचनांचा अल्बम काढला!

आपल्याकडे काय?

या विल्सनचा पॉर्क्युपाइन ट्री हा बँड 2009 मध्ये मुंबईला आयआयटीच्या 'मूड इंडिगो'त वाजवून गेला. 2016 मध्ये तो स्वतः पुण्याच्या एनएच7 वीकेंडरला आला. मुंबईच्या कोशिश या बँडनं 2013 मध्ये 'फिरदौस' हा अख्खा अल्बम हिंदीत केला. कोचीचा मदरजेन, बंगळुरूचा प्रोजेक्ट मिश्रम, हीही मंडळी याच वाटेवरची.

आता पुतण्याकडे परत. माझ्या पेटीच्या बदल्यात त्यानं मला एक लिंक पाठवली. बंगळुरूचा 'अगम' हा बँड 2003 पासूनचा. ते स्वतःच्या संगीताला कर्नाटक प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. 2012 च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं ते गाणं. गिटार, ड्रम्स, आणि मध्येच गायकानं राग हंसनादम् धरला. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती बाहेर आल्या. "अहो, ही तर त्यागराजांची 'बंटुरीति कोलु'!"

त्यांनी अर्थ सांगितला आणि मी गप्पच झालो. 'बंटु' म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई. सांगतात की, तंजावरच्या आपल्या भोसले राजांकडून मानाचं बोलावणं आलं तेव्हा त्यागराजांनी ते नाकारलं. आणि तेच त्यागराज या कृतीत रामाकडे शिपायाची नोकरी मागतात. गणवेश, बिल्ला, हत्यार, सगळं भक्तीचं. बत्तीस वर्षं वर्दी घातलेल्या माणसाला याहून वेगळं काय सांगायचं? माझ्या कॅसेटींचं संगीत आणि शिपायाचं मागणं, दोन्ही एकाच गाण्यात समोर उभं होतं.

तिरुवैयारु काय शिकवतं

कोणी म्हणेल, त्यागराजांच्या रचनेला इलेक्ट्रिक गिटार हा भ्रष्टाकार झाला. मंडळी, कर्नाटक संगीताचं आजचं जे मुख्य साथीचं वाद्य, ते व्हायोलिन युरोपातून आलंय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी ते इथे रुजवलं, त्यांत तंजावर दरबारचे वडिवेलु होते. सरफोजी राजे दुसरे यांच्या पदरी तर पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. बाहेरचं वाद्य आपलंसं करण्याची रीत तंजावरला नवी नाही.

दुसरी गोष्ट इथल्या समाधीची. त्यागराज 1847 मध्ये गेले. पुढे समाधीकडे दुर्लक्ष झालं. ती दुरवस्था बेंगळूरु नागरत्नम्मा या गायिकेनं पाहिली आणि 1920 च्या दशकात स्वतःची कमाई घालून इथे मंदिर उभारलं. पण त्या काळी आराधनेत स्त्रियांना गाता येत नसे! त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. 1940 च्या सुमारास वेगवेगळे गट एकत्र आले आणि स्त्रियाही गाऊ लागल्या. आज पौष वद्य पंचमीला इथे शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि पंचरत्न कृती एका आवाजात गातात. त्यांत नामवंत असतात आणि शिकाऊ मुलंही असतात. मांडवाच्या कडेला बसलेले श्रोतेही ओठ हलवत असतात.

मला माझं उत्तर इथे मिळालं. एखादं संगीत टिकतंय का, हे किती लोक ऐकतात यावरून पुरतं कळत नाही. किती लोक ते स्वतः शिकून वाजवतात, आणि नव्या माणसाला आत जागा मिळते का, हेही पाहावं लागतं.

या मापानं प्रोग्रेसिव्ह रॉकचा हिशोब असा. 1973 सारखी गर्दी गेली, ती परत येईल असं मला वाटत नाही. फॅशन म्हणून ते हरलंय, हे मान्य करावं. पण विद्या म्हणून ते वाढतंय, आणि आपल्या रागतालांशी जुळल्यामुळे भारतात त्याला स्वतःची मुळं फुटताहेत. धोका पंकचा नाही, रीलचाही नाही. खरा धोका माझ्यासारख्यांचा आहे, 'सत्तरीतलं तेच खरं, बाकी सगळी नक्कल' असं म्हणून दार लावून बसणाऱ्यांचा. समाधीचं दार असंच लावून ठेवलं असतं, तर आज इथे एवढे आवाज नसते.

पेटी भंगारात गेली नाही. पुतण्यानं बंगळुरूला नेली. एक जुना डेक दुरुस्त करून घेतलाय म्हणे. परवा फोन आला, "काका, त्या चार कॅसेटींवर कोणाचं तरी नाव लिहिलंय. कोण हे?"

मी सांगितलं. पुढचा अर्धा तास आम्ही त्याच्याबद्दलच बोलत होतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.