टर्बोशेजारचा चकचकीत पत्रा

टर्बो पेट्रोल मोटारीचे बॉनेट उघडल्यास इंजिनाच्या एका बाजूला बहुधा खडबडीत, चकचकीत पत्रा दिसतो; त्यामागे टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, बसवलेले असते. पूर्ण भाराखाली हा धूर सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापत असल्याने टर्बोचार्जरमधील धुराने फिरणाऱ्या चाकाचे, म्हणजे टर्बाइनचे, कवच कधी कधी लालबुंद होते, आणि त्यातून निघणारी अवरक्त प्रारणे, शेकोटीसमोर बसलेल्याचा चेहरा भाजावा तशी, मधली हवा तापण्याची वाट न पाहता जवळच्या वायरी व रबरी नळ्यांना थेट गाठतात. ॲल्युमिनियमचा चकचकीत पृष्ठभाग यातील बहुतांश प्रारणे परतवतो आणि स्वतःही फार थोडी बाहेर टाकतो. मात्र हा धातू ६६० अंशांना वितळत असल्याने कवच व पत्रा यांच्यात हवेची फट ठेवावीच लागते. मॅक्लारेन एफ१ या मोटारीत, तिला टर्बो नसतानाही, प्रारणे परतवण्याच्या याच कामासाठी सोन्याचा वर्ख वापरला गेला; सामान्य मोटारीला अर्थातच एवढ्या थाटाची गरज नाही. तेलकट धूळ बसलेला पत्रा मात्र प्रारणे परतवण्याऐवजी शोषू लागतो.