साखळीतला गोल्डफिंच

पांढुरकी भिंत, तिच्यावर ठोकलेली दाण्यांची पेटी, पेटीभोवती दोन अर्धगोल कड्या आणि वरच्या कडीवर बसलेला, चिमणीहूनही लहान गोल्डफिंच. डच चित्रकार कारेल फाब्रीसियसनं १६५४ साली लाकडी फळीवर रंगवलेल्या या चित्रात एवढंच आहे. चित्र ३३.५ बाय २२.८ सेंटिमीटरचं. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात ते पाहायला मिळतं.

विषय शोधायला चित्रकाराला लांब जावं लागलं नसणार. त्या काळी डच घराघरांत गोल्डफिंच पाळत. अंगुस्तानाएवढी बादली साखळीनं ओढून पाणी कसं काढायचं, हेही त्याला शिकवत. इथे मात्र बादली नाही, खेळ नाही. पक्षी नुसता बसलाय. मागच्या भिंतीवर त्याची सावली इतकी खरी पडलीय, की चित्र उंचावर टांगलं तर खराच पक्षी बसलाय असं क्षणभर वाटावं. जवळ गेलं की मात्र पिसं दिसत नाहीत, दिसतात ब्रशचे मोकळे फटकारे. पंखावरचा पिवळा रंग ओला असतानाच ब्रशच्या दांड्यानं ओरखडलाय. रेम्ब्रांच्या या शिष्याचा हात किती धीट होता, ते तिथे कळतं.

ख्रिस्ती परंपरेत या पक्ष्याला मोठा अर्थ आहे. काटेरी झुडपांच्या बिया हे त्याचं आवडतं खाणं. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला काटा त्यानं उपसला, तेव्हा रक्ताचा थेंब उडून त्याचं तोंड लाल झालं, अशी आख्यायिका आहे. फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयातल्या राफाएलच्या माता-पुत्राच्या चित्रात लहानगा योहान बाळ येशूपुढे हाच पक्षी धरतो. पुढच्या यातनांची ती चाहूल.

फाब्रीसियसनं मात्र ना माता काढली, ना मूल, ना काटा. म्हणून केवळ धार्मिक अर्थ या चित्रावर लादू नये, असं मला वाटतं. त्याचं खरं प्रतीक पायाजवळची ती साखळी आहे. ती इतकी बारीक आहे, की आधी पक्षी दिसतो आणि तो बांधलेला आहे हे मागाहून ध्यानात येतं. त्यानंतर त्याचं स्थिर बसणं पूर्वीसारखं वाटत नाही.

चित्र रंगवलं त्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १६५४ रोजी, डेल्फ्टमधलं दारूगोळ्याचं कोठार उडालं. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि फाब्रीसियस गेला. वय अवघं बत्तीस. आज त्याची डझनभरच चित्रं उरली आहेत. त्याच्या या शेवटामुळे पुष्कळांना या पक्ष्यात चित्रकाराच्या मृत्यूची पूर्वसूचना दिसते. हा अर्थ आपण नंतर जोडलेला आहे. रंगवणाऱ्याला स्फोटाची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

हे चित्र पडद्यावर मोठं करून पाहू नका. ए-फोर कागदापेक्षा किंचित मोठा चौकोन आखा, तेवढ्याच आकारात ते पाहा आणि आधी साखळी शोधा.