टायरची पकड आणि उष्णतामान : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

नागपुरातील प्रताप नगरच्या रिंग रोडलगत संध्याकाळी मोटारसायकली लावून उभ्या असलेल्या तरुणांच्या बोलण्यात अलीकडे ‘ट्रॅक डे’ हा विषय येऊ लागला आहे. शुल्क भरून, शिरस्त्याप्रमाणे गाडीची तपासणी करून घेऊन, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईस, कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक दिवस मनसोक्त गाडी चालवण्याची मुभा, असा त्याचा अर्थ. नागपुरात असा ट्रॅक नाही. त्यामुळे ट्रॅकवर कोणते टायर घालावेत याविषयीचे ज्ञान बहुतांशी ऐकीव असते, आणि दुचाकींचे टायर आपल्या बुटीबोरीस सिएटच्या कारखान्यात तयार होत असतानाही त्या ऐकीव ज्ञानाची रुजुवात करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

पहिला आणि सर्वांत दृढ समज असा की, टायरची पकड त्याच्या खाचांत असते. वस्तुतः कोरड्या रस्त्यावर पकड देते ते रबर. रस्त्यातील खडीच्या सूक्ष्म उंचवट्यांत ते दाबले जाते, पूर्ववत होताना कुरकुरते, आणि त्या कुरकुरण्यात खर्च झालेली शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे पकड, झीज आणि उष्णता ही एकाच क्रियेची तीन अंगे आहेत. खाचांचे काम पाणी बाजूस सारण्याचे. म्हणूनच शर्यतीच्या ‘स्लिक’ टायरला कोरड्या दिवशी एकही खाच नसते. परंतु यावरून कोणी आपला गोटा झालेला रोजचा टायर स्लिकच्या पंक्तीस बसवू लागेल, तर तो अनर्थ होय. कारण त्या टायरचे उरलेले रबर पातळ आणि बहुधा कडक झालेले असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीसाठी घालून दिलेली ०.८ मिलिमीटर खोलीची मर्यादा पावसाळ्यातील रस्त्यावर जिवाशी संबंधित आहे. उलटपक्षी, खरा स्लिक सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, हे त्याच्या कडेवर बनवणाराच छापून देतो.

दुसरा समज अधिक घातक आहे : रबर जितके मऊ, तितकी पकड अधिक. येथे उष्णतामानाचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. थंडीत गुळाची ढेप दगडासारखी होते आणि उन्हात तिला बोट लावले तरी खळगा पडतो; रबराचेही काहीसे तसेच आहे, आणि प्रत्येक मिश्रणाची कामाची अशी एक उष्णतेची पट्टी ठरलेली असते. शर्यतीचे टायर धावण्यापूर्वी विजेच्या उबदार वेष्टनांत ८० ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात ते याच कारणासाठी. अशी वेष्टने नसताना, दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर, नवख्या चालकाच्या गतीने फिरणारा स्लिक त्या पट्टीपर्यंत पोचतच नाही, आणि थंड स्लिकची पकड चांगल्या रस्त्याच्या टायरहूनही कमी भरते. नागपूरकराने येथे आपल्या उन्हावर भरवसा ठेवू नये. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. पण नवतपातील तापलेला सिमेंटचा रस्तासुद्धा शर्यतीच्या टायरला लागणारी सगळी उष्णता पुरवीत नाही, कारण तिचा मोठा वाटा वेगात ब्रेक लावल्याने आणि वळणावर टायर दबल्यानेच निर्माण होतो.

अति उष्णतेचा दाखला जगाने पाहिलेला आहे. २० ऑक्टोबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंड येथे, नव्याने डांबर घातलेल्या ट्रॅकवर, त्या काळच्या मोटोजीपीचे ब्रिजस्टोन टायर पूर्ण शर्यत टिकणार नाहीत असे सरावातच दिसून आले. शर्यत २७ फेऱ्यांवरून १९ वर आणावी लागली, मध्ये गाडी बदलणे सर्वांना सक्तीचे झाले, आणि ठरलेल्या फेरीपेक्षा उशिरा गाडी बदलली म्हणून मार्क मार्केझसारखा चालक बाद ठरला. जगातील उत्तम टायरसुद्धा विशिष्ट डांबरासाठी, विशिष्ट उष्णतेसाठीच उत्तम असतो.

टायरची खोली शाबूत म्हणजे टायर शाबूत, हा समज याच्याच पोटातला. तापणे आणि निवणे यांच्या प्रत्येक आवर्तनाने शर्यतीचे रबर थोडे थोडे कडक होत जाते. म्हणून शर्यतीतून उतरवलेले, दिसायला भरगच्च असे टायर स्वस्तात घेणाऱ्याने खोलीवर विसंबू नये. रबर नखाने दाबून पाहावे, आणि कडेवरील चार आकडे वाचावेत : २३२४ असे असेल, तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला.

हवेच्या बाबतीत तर गोंधळाला पारावार नाही. ‘ट्रॅकवर हवा कमी ठेवायची’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. थंड टायरात कमी ठेवतात ती, तापल्यावर दाब वाढून तो इष्ट आकड्यावर यावा म्हणून. हिशेब साधा आहे. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर २९ पौंड दाब भरलेल्या टायरात, एक कणही हवा न वाढता, मे महिन्याच्या ४५ अंशांच्या दुपारी काटा सुमारे ३४ पौंड दाखवील. ट्रॅकवर टायरातील हवा याहून पुष्कळ तापते. म्हणून टायर बनवणाऱ्याने ट्रॅकसाठी दिलेला आकडा घ्यावा आणि ट्रॅकवरून आत येताच, टायर निवण्यापूर्वी, दाब मोजावा. रोजच्या रस्त्यावर मात्र गाडीच्या पुस्तिकेतील आकडा सोडू नये. पंपावर पैसे देऊन भरलेला नायट्रोजन उष्णतेने फुगत नाही, हेही खरे नव्हे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. कोरड्या वायूत पाण्याची वाफ नसते, एवढाच काय तो लाभ.

आता निवडीचा प्रश्न. नागपूरहून बुद्ध सर्किट किंवा चेन्नई हजार किलोमीटरच्या आसपास, आणि अनेकांची गाडी राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून स्वतःच्या चाकांवरच जाते. त्या सरळ प्रवासात मागच्या टायरचा मधला पट्टा झिजून चपटा होतो, आणि मग ट्रॅकवर गाडी कलवताना ती मध्यावरून कडेकडे एकदम कोसळल्यासारखी जाते. तळहात टायरवरून आडवा फिरवला की ही धार हाताला लागते. ट्रॅकवर झीज याच्या उलट : मध्य राहतो, कडा जातात, आणि घड्याळाच्या दिशेने धावण्याच्या ट्रॅकवर उजवी कड आधी जाते. अशा प्रवाशाने मध्यभागी कडक आणि कडांना मऊ असे दुहेरी रबर असलेला, रस्त्यावर चालणारा स्पोर्ट टायर घ्यावा. माझ्या मते पहिल्या दोन-तीन ट्रॅक दिवसांसाठी याहून अधिक कशाचीही निकड नाही. ठरलेल्या मापाहून रुंद टायर अरुंद रिमवर चढवल्यास तो आवळला जाऊन त्याची गोलाई बिघडते आणि रुंदीचा फायदा हातचा जातो.

राहता राहिली कडेला न झिजलेली ती पट्टी, जिच्यावरून तरुण एकमेकांची योग्यता ठरवतात. ती टायरच्या गोलाईवर, रुंदीवर आणि चालक शरीर किती आत झुकवतो यावर अवलंबून असते. निष्णात चालक शरीर आत नेऊन गाडी कमी कलवतो, तेव्हा त्याच्याही टायरवर ती शिल्लक राहू शकते. ती पुसून टाकण्यासाठी चौकात किंवा रिंग रोडच्या वळणावर गाडी झोपवणाऱ्यास हे कोणी तरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे, कारण तेथे टायर थंड असतो, वाळू पसरलेली असते आणि समोरून शाळेची बस येत असते.