पेन्थिअसला पळवलं!

राजा पेन्थिअसचा बळी जायची वेळ झाली आहे. एवढ्यात प्रेक्षकांतली पोरं उठतात, राजाला उचलतात आणि थेट रस्त्यावर घेऊन जातात! न्यूयॉर्कच्या सोहो भागात, वूस्टर स्ट्रीटवरच्या 'परफॉर्मिंग गराज'मध्ये हे खरोखर घडलं. नाटक होतं 'डायोनिसस इन सिक्स्टीनाइन', दिग्दर्शक रिचर्ड शेकनर, आधार युरिपिडीसच्या ग्रीक शोकांतिकेचा. पळवणारे क्वीन्स कॉलेजचे विद्यार्थी होते आणि बळी द्यायचा नाही हे ते घरूनच ठरवून आले होते. मग राजाविना नाटक पुढे कसं न्यायचं? प्रेक्षकांतलाच एक मुलगा पुढे आला आणि आयत्या वेळी पेन्थिअस झाला.

आणखी एका रात्री तर नाटक अर्ध्यातच संपलं. एका प्रवेशात पेन्थिअसनं प्रेक्षकांतल्या एखाद्या स्त्रीला जवळ करायचा प्रयत्न करायचा असे. रोज तो हरे आणि नाटक पुढे जाई. त्या रात्री ती स्त्री त्याच्याबरोबर चक्क दाराबाहेर निघून गेली. शेकनरांनी जाहीर केलं की आज पेन्थिअस या माणसानं डायोनिसस या देवाला हरवलं, खेळ संपला. संहिता बाजूला ठेवून प्रेक्षकाचं ऐकणारा दिग्दर्शक मला फार मोठा वाटतो.

एक पडदा, दोन चित्रं

१९६८ मध्ये या नाटकाचं चित्रीकरण झालं आणि १९७० मध्ये चित्रपट आला. चित्रीकरण करणाऱ्यांत होता ब्रायन डी पाल्मा, पुढे 'कॅरी', 'स्कारफेस' आणि पहिला 'मिशन इम्पॉसिबल' करणारा. त्यानं कॅमेरा नटांवर ठेवला, तर रॉबर्ट फिओरेनं प्रेक्षकांवर. मग पडदा मधोमध कापून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली, तीही चित्रपटभर! डावीकडे बघावं की उजवीकडे, हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

यातला जन्माचा प्रवेश जरूर बघा. पुरुष जमिनीवर ओळीनं पालथे पडलेले, त्यांच्या दोन्ही अंगांना पाय टाकून स्त्रिया उभ्या आणि त्या जिवंत बोगद्यातून डायोनिसस सरकत, धापा टाकत बाहेर येतो. अंगावर कपडे जवळपास नाहीतच. हा विधी न्यू गिनीतल्या अस्मत लोकांच्या रिवाजावरून घेतलेला. लाकडी मचाणांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं हे हाताच्या अंतरावरून बघतात, काही जण पुढे नटांबरोबर नाचायलाही उतरतात. अमेरिकेत चित्रपटाला 'एक्स' प्रमाणपत्र मिळालं. बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता, पण त्या वर्षी व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या एका जर्मन चित्रपटावरून परीक्षकांत असा वाद पेटला की स्पर्धाच गुंडाळली गेली. आणि दिग्दर्शक म्हणून ज्यांची नावं लागली त्यांतल्या तिसऱ्याचं, ब्रूस रुबिनचं पुढे काय झालं? त्यानं 'घोस्ट' लिहिला आणि ऑस्कर मिळवलं.

कोळशाच्या वाटेनं आत

ज्युलिअन बेक आणि ज्युडिथ मलिना या जोडप्यानं १९४७ मध्ये 'लिव्हिंग थिएटर' काढलं. १९६३ मध्ये त्यांचं 'द ब्रिग' चालू होतं. लेखक केनेथ ब्राउननं जपानमधल्या अमेरिकी मरीन तळावरच्या तुरुंगात स्वतः दिवस काढलेले. जमिनीवर पांढऱ्या रेघा, आणि प्रत्येक रेघ ओलांडताना कैद्यानं ओरडून परवानगी मागायची. नाटकभर हेच. बघणाऱ्याच्या कानात नंतर कितीतरी वेळ ते ओरडणं घुमत राहतं.

कर थकला म्हणून सरकारनं थिएटरला टाळं ठोकलं. चित्रपटकार जोनास मेकसला नाटक तर चित्रित करायचंच होतं. नट आणि कॅमेरावाले रात्री कोळसा आत टाकायच्या वाटेनं इमारतीत घुसले. पुढे काय होणार हे डोक्यात नको म्हणून मेकसनं नाटक आधी पाठ होईपर्यंत बघायचं मुद्दाम टाळलं होतं. जड कॅमेरा घेऊन तो नटांच्या मधोमध फिरला. दर दहा मिनिटांनी रीळ संपे, तेवढ्यापुरतं थांबायचं, की पुन्हा सुरू. एका रात्रीत काम फत्ते! १९६४ मध्ये व्हेनिसला या चित्रपटाला बक्षीस मिळालं ते माहितीपटाचं. लिहिलेलं, बसवलेलं नाटक माहितीपट म्हणून जिंकलं, आणि मला विचाराल तर परीक्षकांचं अजिबात चुकलं नाही.

लिव्हिंग थिएटरच्याच 'पॅरडाइज नाऊ'नं १९६८ मध्ये फ्रान्सच्या आविन्योंमध्ये एवढी खळबळ उडवली की त्यांना महोत्सव सोडावा लागला. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या प्रयोगानंतर नट आणि प्रेक्षक मिळून अर्ध्या कपड्यांत रस्त्यावर आले आणि काहींना अटक झाली. ही कहाणी १९८३ च्या 'सिग्नल्स थ्रू द फ्लेम्स' या माहितीपटात खुद्द बेक आणि मलिना यांच्याकडून ऐकायला मिळते. या क्रांतिकारक बाईंना तुम्ही कदाचित पाहिलंही असेल : 'द अ‍ॅडम्स फॅमिली'मधली आजी म्हणजे ज्युडिथ मलिना!

कात्री प्रेक्षकाच्या हातात

१९६५, न्यूयॉर्कचा कार्नेगी रिसायटल हॉल. योको ओनो मंचावर गुडघे दुमडून गप्प बसलेली, समोर कात्री. प्रेक्षकांनी एकेक करून यायचं आणि तिच्या कपड्याचा तुकडा कापून न्यायचा. माहितीपटकार मेझल्स बंधूंनी चित्रित केलेली ही काही मिनिटांची फिल्म. सुरुवातीला लोक बिचकत बाहीचं टोक कापतात. मग एक तरुण येतो आणि कापतच राहतो. योकोची नजर अस्वस्थ होते, हात छातीकडे जातात. कापणाऱ्यांचा स्वभाव कॅमेऱ्यानं नेमका पकडला आहे.

पोलंडचे दिग्दर्शक ग्रोटोव्स्की यांच्या 'द कॉन्स्टंट प्रिन्स' या नाटकाच्या फिल्मची गंमत निराळीच. चित्र एका प्रयोगाचं, चोरून घेतलेलं आणि मुकं, तर आवाज दुसऱ्याच प्रयोगाचा. पुढे दोन्ही एकत्र लावले तर जुळले! रिशार्ड चेश्लाकचा अभिनय झपाटल्यासारखा दिसतो खरा, पण दर प्रयोगाला तो इतका काटेकोर असायचा.

व्हिएन्नातला कंटेनर

जून २०००. ऑस्ट्रियात अतिउजवा पक्ष सत्तेत येऊन जेमतेम चार महिने झालेले. दिग्दर्शक क्रिस्टोफ श्लिंगेनझीफनं ऐन ऑपेरा हाउसशेजारी कंटेनर उभे केले, त्यांत बारा निर्वासितांना ठेवलं आणि वर मोठी पाटी लावली : 'परदेशी चालते व्हा'. टीव्हीवरच्या 'बिग ब्रदर'प्रमाणे जनतेनं मतं द्यायची आणि रोज दोघांना बाहेर काढायचं. आठवडाभर चौकात नुसती भांडणं. आजीबाई ओरडताहेत, पर्यटक गोंधळलेत, श्लिंगेनझीफ भोंग्यावरून सगळ्यांनाच डिवचतोय. शेवटी डावे निदर्शक कंटेनरवर चढले आणि निर्वासितांना 'सोडवायला' निघाले. पेन्थिअसला पळवणारी पोरं आठवतात ना? पाउल पोएटच्या २००२ मधल्या माहितीपटात हे सगळं आहे आणि त्यात मुख्य भूमिका रस्त्यावरच्या गर्दीचीच आहे.

आणि आपल्याकडे

ललित वाचानींच्या 'नाटक जारी है' या २००५ मधल्या माहितीपटात दिल्लीचा 'जन नाट्य मंच' भेटतो. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळच्या झंडापूरमध्ये त्यांच्या 'हल्ला बोल'च्या प्रयोगावर हल्ला झाला, त्यात मंचाचे सफदर हाश्मी गेले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मोलोयश्री आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी ते नाटक पुरं केलं, हजारोंच्या गर्दीत. त्या दिवशी नुसतं तिथे उभं राहणं हाही नाटकातला सहभागच होता.

शेकनरांचा धागाही आपल्यापर्यंत येतो. १९७६ मध्ये त्यांची मंडळी ब्रेख्तचं 'मदर करेज' घेऊन भारतभर फिरली, मुंबईलाही आली. पुढे त्यांनी वाराणसीजवळच्या रामनगरच्या रामलीलेचा ध्यास घेतला. तिथे लीला महिनाभर चालते आणि हजारो लोक तिच्यामागून गावभर चालत जातात.

दादरच्या छबिलदास शाळेत १९७४ पासून 'आविष्कार'नं जे दिवस दाखवले, त्यांच्या आठवणी आपल्याला पुस्तकांतून आणि गप्पांतूनच भेटतात. प्रेक्षकांत मिसळून होणारं बादल सरकारांचं 'जुलूस' अमोल पालेकरांनी मराठीत केलं, त्याबद्दल आजही लोक भरभरून बोलतात. तेव्हा आपल्या नाट्यसंस्थांना एक विनंती. एकांकिका असो, पथनाट्य असो की एखाद्या छोट्या खोलीतला प्रायोगिक खेळ, आता चित्रीकरण सगळेच करतात आणि मोबाइल नटांवर रोखलेला असतो. पुढच्या प्रयोगाला दुसरा मोबाइल प्रेक्षकांकडे तोंड करून लावा. फक्त आधी त्यांना विचारा.