हातखर्चाची कमाई

उर्दूत आपण ज्याला 'जेबखर्च' म्हणतो, त्याला मराठीत 'हातखर्च' म्हणतात. लहान मुलांसाठी 'खाऊचे पैसे' असाही शब्द आहे. शब्द कोणताही वापरा, तो पुरत नाही ही तक्रार मात्र सर्वांचीच असते. ईदला मिळालेली ईदी आठ-पंधरा दिवसांत संपते. मग पेनासाठी, चेंडूसाठी, कधी नुसत्या वडापावासाठी अब्बांपुढे हात पसरावा लागतो. त्यापेक्षा घरातले एखादे जादा काम करून ते पैसे मिळवले तर?

कल्पना चांगली आहे. परंतु घरातले कोणते काम 'जादा' आणि कोणते आपल्या वाट्याचे, हे आधी ठरवावे लागते. स्वतःचे अंथरूण उचलणे, जेवणानंतर दस्तरखान आवरणे, दादीला वेळेवर औषध देणे, नळाला पाणी आले की हंडे भरणे ही कामे आपल्या वाट्याची. यांचे पैसे मागणे बरे नव्हे. अम्मी तर अशी कितीतरी कामे वर्षानुवर्षे करते आणि तिला कोणी मजुरी देत नाही. दळणाचेही तसेच आहे. गिरणीतून दळण आणण्याचे पैसे मागणारा मुलगा त्याच पिठाची चपाती फुकट खातो!

मग जादा काम कोणते? स्वतःला दोन प्रश्न विचारा. हे काम मी केले नाही तर त्यासाठी घरातून बाहेर पैसे जातील काय? किंवा मी हे केल्याने घरात नवे पैसे येतील काय? दोन्हींपैकी एकाचे उत्तर 'होय' असेल, तर मोबदला मागायला हरकत नाही.

इस्त्रीचे उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या गल्लीतला इस्त्रीवाला एका कपड्याचे ८ रुपये घेतो आणि घरातून दर आठवड्याला दहा कपडे त्याच्याकडे जातात. म्हणजे ८० रुपये झाले. तेच काम तुम्ही ५ रुपये दराने केले, तर तुम्हाला ५० रुपये मिळतील आणि घराचे ३० रुपये वाचतील. पण थांबा, हिशेब अजून पुरा झालेला नाही. एक हजार वॅटची इस्त्री तासभर सतत चालली तर एक युनिट वीज लागते. तो खर्च अब्बांच्या बिलात येतो, म्हणून तो त्या ३० रुपयांतून वजा करा. शिवाय शेरवानी जळाली तर काय, हेही आधी विचारून ठेवा. सुरुवात उशीच्या अभ्र्यांपासून केलेली बरी.

रद्दीचे काम याहून सोपे आहे. वर्तमानपत्रे, पुठ्ठे आणि प्लास्टिकच्या बाटल्या वेगवेगळ्या ठेवल्या तर रद्दीवाला प्रत्येकाचा वेगळा भाव देतो. सगळे एकत्र कोंबले तर तो सर्वांत स्वस्त वस्तूचाच भाव लावतो. आपल्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. उर्दू वर्तमानपत्रांत, विशेषतः शुक्रवारी आणि रमजान महिन्यात, कुराणातील आयती छापलेल्या असतात. ती पाने आधी बाजूला काढावी लागतात. हे काम उर्दू वाचता येणाऱ्यानेच करायचे, म्हणजे ते तुमच्याच हक्काचे!

आता एक नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांत असे दिसते, की मुलगा बाजारातून काही घेऊन आला तर उरलेली चिल्लर त्याच्या खिशात जाते. त्याच वेळी त्याची बहीण पाहुण्यांची वीस ताटे घासते आणि तिला 'शाबास' एवढेच मिळते. कधी कधी तेही मिळत नाही. 'ते तर मुलीचे कामच आहे,' असे म्हटले जाते. मला हे पटत नाही. भावाचे जादा काम जर मोजले जाते, तर बहिणीचेही मोजले पाहिजे. आणि वाट्याची कामे तिची तेवढी भावाचीही. तुमच्या घरात हातखर्चाची अशी काही व्यवस्था सुरू होणार असेल, तर मुलांनो, बहिणीचा दर ठरवण्याची गोष्ट तुम्हीच काढा.

दर काम सुरू करण्यापूर्वी ठरवावा. काम झाल्यावर घासाघीस केली की दोघांचेही मन दुखावते. मजुराची मजुरी वेळेवर चुकती करावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. तेव्हा ठरलेले पैसे मागायला लाजू नका. मात्र अब्बांचे काम बंद असेल किंवा घरात कोणी आजारी असेल, तर त्या दिवसांत वहीत नुसती नोंद करा आणि गप्प राहा.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा गावांत यंत्रमागाचा धंदा मोठा आहे. तेथे कोणी म्हणेल, 'मग कारखान्यातच मदत करावी, पैसे जास्त मिळतील.' येथे कायदा माहीत हवा. बालकामगार प्रतिबंध कायदा १९८६ साली झाला आणि २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या धंद्यात मदत करता येते. पण केवळ शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचे नसेल तरच. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांनाही धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. धावत्या मागाजवळ ढिली बाही किंवा ओढणी घेऊन उभे राहणे किती धोक्याचे आहे, हे त्या गावच्या मुलांना मी काय सांगावे?

आपले माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १९३१ साली रामेश्वरम येथे झाला. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा बाजारात चिंचोक्यांना एकाएकी मागणी आली. लहानगे कलाम चिंचोके गोळा करून मशिदीच्या रस्त्यावरील एका दुकानात विकत. दिवसभराच्या चिंचोक्यांचा त्यांना एक आणा मिळे. तेव्हा रुपयाचे सोळा आणे होत. पुढे रामेश्वरमला आगगाडी थांबेनाशी झाली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली फेकले जाऊ लागले. ते गोळा करण्यासाठी त्यांच्या एका नातेवाइकाला मदतनीस हवा होता. ते काम कलामांना मिळाले आणि त्याचा मोबदलाही मिळाला.

मिळालेल्या पैशांसाठी एक छोटी वही करा. तारीख, काम, मिळालेले पैसे आणि खर्च असे चार रकाने पुरेत. थोडी रक्कम साठली की पोस्टात जा. दहा वर्षांवरील मुलाला किंवा मुलीला तेथे स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. सुरुवातीला ५०० रुपये भरावे लागतात. अर्जावर तुमची सही लागते. पैसे काढताना तीच सही पुन्हा जुळावी लागते, म्हणून घरून निघण्यापूर्वी कागदावर दहा-वीस वेळा सही करून पाहा.