फुटलेलं बुशिंग चिकटवू नका

जोयड्याच्या पावसात वीज पडून, फांदी पडून टीसीवरचं चिनी मातीचं बुशिंग फुटतं. "एम-सील लावूया" म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो, नको! 11,000 व्होल्टच्या तिन्ही तारा या बुशिंगांतूनच टाकीत शिरतात. तडा गेला की ओल शिरते, वीज त्या ओलीवरून लोखंडी टाकीकडे वाट काढते, तेलही गळतं. लेपाने ते थांबत नाही. लाइन बंद करून, अर्थिंग लावून बुशिंग आणि गॅस्केट नवंच बसवावं लागतं. ते काम हेस्कॉमच्या लाइनमनचं. 1912 वर कळवा, टीसीच्या कुंपणावर जाळी वाळत घालू नका. आणि मासळीच्या फ्रीजरसाठी जनरेटर लावताना आधी मेन स्विच पाडा. नाहीतर तुमची वीज उलटी जाऊन टीसीत 11,000 व्होल्ट होते, आणि खांबावर कोणाचा तरी मुलगा चढलेला असतो.