वेल्डिंग शिकताय? आधी डोळे आणि फुफ्फुसे सांभाळा

हरिहरेश्वरसारख्या समुद्रकाठच्या गावात लोखंड फार दिवस टिकत नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे ग्रिल, टाकीचे स्टँड, पत्र्याखालचे पाइप काही वर्षांतच गंजतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन तालुक्यात कित्येक घरांचे छप्पर उडाले आणि पत्रे, पाइप पुन्हा उभे करावे लागले. त्यामुळे वेल्डिंग येणाऱ्या माणसाला इथे कामाची कमी नाही. कोणी आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर अभ्यासक्रम करतो, तर कोणी थेट दुकानात हाताखाली राहून शिकतो. तुम्ही कुठेही शिका, सुरुवातीला लागलेल्या सवयीच पुढे टिकतात. म्हणून हाती होल्डर घेण्याआधी एवढे वाचा.

डोळे : दिवसा काम, रात्री आग

वेल्डिंगच्या प्रकाशात तीव्र अतिनील किरणे असतात. काही सेकंद उघड्या डोळ्यांनी पाहिले तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही. साधारण ६ ते १२ तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही.

हा त्रास वेल्डिंग करणाऱ्यापेक्षा पत्रा धरणाऱ्या मदतनिसाला जास्त होतो, कारण काळी काच एकाच्याच हातात असते. मान वळवणे किंवा डोळे मिटणे पुरेसे नाही. दोघांनाही शील्ड हवी. साध्या रॉडच्या वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काच लागते, गॅस कटिंगला साधारण ५ नंबरची. उन्हाचा गॉगल यातल्या कशालाही चालत नाही. बघायला जमलेल्या मुलांना दूर पाठवा किंवा मध्ये आडोसा लावा.

त्रास झालाच तर कॉन्टॅक्ट लेन्स काढा, डोळे चोळू नका, अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्या. मिटलेल्या पापण्यांवर गार पाण्याची स्वच्छ पट्टी चालेल. दूध, गुलाबपाणी किंवा बटाट्याचा रस डोळ्यांत घालू नका, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून वारंवार घालणे तर घातकच आहे. त्याने वेदना थांबते, पण जखम भरत नाही. बहुतेकांना २४ ते ४८ तासांत बरे वाटते. तसे झाले नाही किंवा नजर अंधुक राहिली, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

धूर : ताप समजून दुर्लक्ष नको

जीआय पाइप किंवा पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो तापला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, खोकला आणि तोंडाला धातूची चव येते. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून लोक त्याला सर्दी-तापच समजतात. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन धूर शरीराबाहेर जात नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर आधी घासून काढा, काम मोकळ्यावर करा, वारा बाजूने येईल असे उभे राहा आणि डोके धुरात घालू नका. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा.

ब्रेझिंगमध्ये मूळ धातू न वितळवता पितळेची किंवा चांदीमिश्रित काडी वितळवून जोड देतात. चांदीच्या काही काड्यांत कॅडमियम असते. त्याचा धूर फुफ्फुसांना जीवघेणा ठरू शकतो आणि लक्षणे काही तासांनी दिसतात. म्हणून कॅडमियम नसलेलीच काडी मागा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरला. वर्षानुवर्षे हे काम करायचे असेल, तर धूर टाळण्याची सवय आजच लावा. विडी-सिगारेट ओढत असाल, तर फुफ्फुसांवर दुहेरी भार पडतो.

दमट हवा आणि विजेचा धक्का

किनाऱ्यावर घामाने भिजलेले हातमोजे आणि ओली जमीन हा मोठा धोका आहे. कोरडे चामडी हातमोजे व बूट घाला, कोरड्या फळीवर उभे राहा, सोललेली केबल वापरू नका. अर्थिंग आणि ईएलसीबी आहे का, हे आधी तपासा. पावसात उघड्यावर वेल्डिंग करू नका.

कापण्यापूर्वी

डिझेलची जुनी टाकी किंवा रिकामे पिंप कधीही स्वतः कापू नका. आत उरलेल्या वाफेने स्फोट होतो, नुसते पाण्याने धुणे पुरत नाही. ऑक्सिजन सिलिंडरच्या जोडांना तेल-ग्रीस लावू नका आणि ऑक्सिजनने कपडे झटकू नका. ॲसिटिलिनचा सिलिंडर उभाच बांधून ठेवा, फ्लॅशबॅक अरेस्टर लावा. ग्राइंडरचे गार्ड काढू नका आणि शील्डच्या आत चष्मा घाला. कपडे सुती हवेत, कारण टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते.

भाजले तर जागा २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका.

ताबडतोब रुग्णालय कधी?

• डोळ्यात धातूचा कण उडाला असेल. काडीने किंवा पदराच्या टोकाने तो काढू नका.
• धूर गेल्यानंतर धाप लागली किंवा छाती आवळल्यासारखी वाटली.
• विजेचा धक्का बसून शुद्ध हरपली किंवा छातीत धडधडले. आधी मेन स्विच बंद करा, मगच त्या माणसाला हात लावा.
• भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, डोळे भाजले असतील.

१०८ वर फोन करा. हरिहरेश्वरहून श्रीवर्धनला पोहोचायलाही वेळ लागतो, म्हणून सकाळपर्यंत वाट पाहू नका. उस्ताद म्हणतील, "आम्ही तर असेच शिकलो." त्यांच्याकडून हात जरूर शिका, पण काच आणि हातमोजे स्वतःचे घ्या.